पट्टीवरचा नंबर

हे मी आजवर कुणाकडेच बोललेले नाही. तशी मी बोलायला कमी नाही. नळाला पाणी आलं नाही तर नगरपालिकेला फोन करणारी, रिक्षावाल्याशी हुज्जत घालणारी, शाळेच्या ऑफिसात जन्मभर कारकुनी करून खुद्द मुख्याध्यापकांना ‘सर, सही राहिली’ म्हणून जिन्यावरून परत बोलावणारी बाई आहे मी. पण ही एक गोष्ट — तोंडाशी येते आणि आत जाते. आज लिहून टाकते. तुम्ही मला ओळखत नाही, हे एका परीनं बरंच आहे.

सुरुवात दोऱ्यांपासून करते. गोष्ट दोऱ्यांचीच आहे, पण मुद्द्यावर यायला मला जरा वेळ लागेल. तेवढं चालवून घ्या.

क्रॉस स्टिचचा दोरा लडीत मिळतो, सहा पदरी. त्यातले दोन पदर सोडवून सुईत ओवायचे, बाकीचे नीट ठेवून द्यायचे. हे ‘नीट ठेवून देणं’ बहुतेक बायकांना जमत नाही. दोन-चार कामं झाली की पिशवीत रंगीबेरंगी गुंता उरतो आणि मग त्या नव्या लड्या आणतात. मला असला गुंता बघवत नाही. मी जुन्या लग्नपत्रिका ठेवते — चांगला जाड पुठ्ठा असतो — त्याच्या बोटभर रुंद पट्ट्या कापते, दोन्ही बाजूंना खाच पाडते, दोरा त्यावर गुंडाळते आणि वरच्या टोकाला बॉलपेननं शेड नंबर लिहिते. हार्डवेअरच्या दुकानात स्क्रू-खिळे ठेवायला कप्प्यांचे प्लॅस्टिकचे डबे मिळतात, त्यात या पट्ट्या फिक्यापासून गडदापर्यंत उभ्या लावते. आमच्या रत्नागिरीची हवा ओली. पावसाळ्यात चपलेला बुरशी येते तिथे दोऱ्याची काय कथा? म्हणून बुटांच्या खोक्यात येतात त्या पांढऱ्या पुड्या कप्प्याकप्प्यात टाकते, आणि पाऊस संपला की सगळ्या पट्ट्या वर्तमानपत्रावर पसरून वाऱ्याला ठेवते. उन्हात नाही, सावलीत. उन्हानं रंग उडतो.

लडीला कंपनीचा एक कागदी पट्टा असतो, त्यावर नंबर छापलेला असतो. तो मी फेकून देते. माझ्या अक्षरात नंबर लिहिला की त्याची गरजच काय? पेटी माझी, अक्षर माझं आणि आजवर त्यात एकही चूक झालेली नाही, असा माझा तोरा होता. तोरा खरा होता, हे मुद्दाम सांगते.

पण पेटी माझी असली तरी हात वहिनीचा होता.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. माझं लग्न जमलं नाही; आधी जमलं नाही, मग जमवायचं राहून गेलं. दादा-वहिनीच्याच घरात, रत्नागिरीलगतच्या नाचणे गावात, मी राहिले. दादा गेला. भाचा मिलिंद शिकून कल्याणला नोकरीला लागला, तिकडेच संसार मांडला. मग त्या घरात वहिनी आणि मी. मी निवृत्त झाल्यावर तर दिवसभर दोघीच. दुपारची भांडी झाली की मागच्या पडवीत खुर्च्या टाकायच्या. ती मॅटीचं, म्हणजे चौकटीच्या विणीचं, कापड लाकडी रिंगमध्ये ताणून बसायची, मी पेटी मांडीवर घेऊन.

मी स्वतः भरून पाहिलं नाही असं नाही. माझे टाके एकजात सरळ, मागची बाजूसुद्धा स्वच्छ. पण मी भरलेला पोपट पासपोर्टचा फोटो काढायला बसल्यासारखा दिसायचा. वहिनीचे टाके थोडे इकडेतिकडे व्हायचे, मागे गाठीच गाठी, पण तिचा पोपट कधी उडून जाईल सांगता येत नसे. मला हेवा वाटायचा का? वाटायचा की. पण या गोष्टीत हेव्याला दोष देऊन मी सुटणार नाही. ते कारण नव्हतं.

तिला नंबर कधी लागलेच नाहीत. ती रंगांना आपली नावं ठेवायची. “सुजा, तो दे गो, पिकल्या सुपारीचा.” “सुक्या बांगड्याच्या पोटाचा.” “भिजलेल्या चिऱ्याचा.” मी पेटीतून बरोबर ती पट्टी काढून द्यायची. पुस्तकातल्या नमुन्यात शेजारीशेजारी छापलेले, मला एकसारखेच वाटणारे दोन तपकिरी ती लांबून वेगळे सांगायची, आणि माझ्या नंबरांना हसायची. “रंगाला काय कैद्यासारखे नंबर देतेस?” म्हणायची. त्या दुपारी — मला वाटतं, माझ्या आयुष्यात मी कुणाला हवी होते तर त्या दुपारी.

मग तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. उन्हाची तिरीप सहन होईना म्हणून आम्ही पडवीतून आत आलो, ट्यूबलाइटखाली. ती भिंग घेऊन बसू लागली. जवळजवळचे रंग तिला उमगेनासे झाले आणि ज्या नंबरांना ती हसायची, त्यांचाच आधार घेऊ लागली. भिंगातून पट्टीवरचं माझं अक्षर वाचायचं, नमुन्यातला नंबर वाचायचा, जुळले की सुई ओवायची. पिकली सुपारी वगैरे बंद झालं. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं की तिनं स्वतःचे डोळे काढून माझ्या हातात दिलेत. आलंही असेल.

देवरूखच्या वरच्या अंगाला आमचं गाव आहे. तिथल्या बौद्धवाडीत विहाराचं नवं बांधकाम झालं. वाडीतल्या बायकांनी वहिनीला गळ घातली, की विहारासाठी तुझ्या हातची भगवान बुद्धांची प्रतिमा हवी, भरलेली. वहिनी आधी डोळ्यांची सबब सांगत राहिली, पण आतून हरखली होती. थंडीत काम सुरू केलं. तिची रीत अशी की चेहरा शेवटी. आधी बोधिवृक्षाची पानं, मग अंगावरचं चीवर, मग हात. “तोंड भरायचं तर हात तापलेला हवा,” म्हणायची. बुद्धपौर्णिमेला ते विहारात लावायचं ठरलं होतं.

आणि मिलिंदचा फोन आला. “आई, पौर्णिमा झाली की मी येतो आणि तुला घेऊन जातो. इथं ऑपरेशन करू. आणि आता इथंच राहायचं. खूप झालं तिकडे.” वहिनीनं माझ्याकडे बघत फोन माझ्या हातात दिला. मिलिंद गुणी मुलगा आहे. म्हणाला, “आत्या, तूपण ये की चार दिवस.”

चार दिवस. त्याच्या मनात काही नव्हतं. पण बघा, आपण ज्या घरात म्हातारे झालो, त्या घरातलं माणूस दुसरीकडे राहायला जातं आणि आपल्याला तिथे चार दिवसांचं आमंत्रण येतं. मी ‘येते की’ म्हटलं, फोन ठेवला आणि पेटी आवरायला घेतली. आवरायची काही गरज नव्हती. त्या संध्याकाळी मी मनात घर रिकामं करून पाहिलं. एक ताट, एक कप, पडवीत एक खुर्ची. मला भीती वाटली — दुसरा चांगला शब्द मी शोधत बसत नाही. भीती वाटली.

आता येते मुद्द्यावर.

चेहऱ्याला तीन रंग होते. सावलीच्या बाजूच्या गालाला एक मऊ तपकिरी. त्याच्याच शेजारच्या कप्प्यात दुसरा एक होता, शेवाळी झाक असलेला. ट्यूबखाली दोन्ही जुळ्या बहिणी. उन्हात नेलं तर एकमेकींना ओळखसुद्धा देणार नाहीत. मी इतकी वर्षं पट्ट्या लावत आले, मला हे ठाऊक असणारच. दोन्ही नंबर आजही पाठ आहेत.

एका दुपारी वहिनी आत पडली होती. मी त्या दोन्ही पट्ट्या काढल्या, दोरे उलगडले आणि याचा दोरा त्या पट्टीवर, त्याचा या पट्टीवर गुंडाळला. नेहमीसारखाच, नीट, पदर न पिळता. पट्ट्या आपापल्या कप्प्यात ठेवल्या आणि चहाचं आधण चढवलं.

काय ठरवलं होतं मी? ठरवलं होतं की गाल अर्धा भरून झाला की मीच म्हणायचं — अगो वहिनी, हे चुकलं बघ, उसवू या. उसवण्यात आणि पुन्हा भरण्यात पौर्णिमा निघून जाईल. विहाराचं काम अर्धवट टाकून वहिनी जायची नाही, हे मला माहीत होतं. मग पाऊस लागेल, पावसात मिलिंद यायचा नाही, म्हणजे सगळं दिवाळीवर जाईल. दिवाळीनंतरचं दिवाळीनंतर बघता आलं असतं. एवढंच हवं होतं मला, एक पावसाळा. तिचे डोळे तोवर आणखी खराब होतील, हा विचार मनात आला होता का? आला होता. मी तो बाजूला ठेवला.

तिनं गाल भरायला घेतला. पहिल्या काही ओळी झाल्या असतील. भिंग बाजूला ठेवून, रिंग लांब धरून, मान वाकडी करून ती बघत राहिली. मग म्हणाली,

“सुजा, हा जरा हिरवट वाटतो गो. शेवाळल्या चिऱ्यासारखा.”

कळतंय ना तुम्हाला? मोतीबिंदू उतरलेल्या डोळ्यांना, ट्यूबखाली, भिंगाशिवाय — तिला दिसलं होतं. हीच तर ती वेळ होती, मी ठरवलेली. ‘बघू, अगो खरंच की, चुकलं’ एवढंच म्हणायचं होतं. पण चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, हिनं ओळखलं. आता विचारणार, पेटी कुणी उचकली. आणि माझ्या तोंडून निघालं,

“नंबर बघ ना वहिनी. नंबर तोच आहे ना?”

ऑफिसातला माझा ठेवणीतला आवाज होता तो. तिनं भिंग घेतलं, पट्टी वाचली, नमुना वाचला, परत पट्टी वाचली.

“नंबर तर तोच हाय.”

“मग झालं तर.”

“मग माझेच डोळे,” ती म्हणाली आणि हसली. खाली वाकून भरू लागली.

दोरे बदलले ते पाप मी एक वेळ विसरले असते. हे नाही विसरता येत. तिचे डोळे खरं सांगत होते आणि मी त्यांना खोटं पाडलं, तेही माझ्या अक्षराचा शिक्का मारून. त्यानंतर ‘चुकलं’ म्हणायची सोय उरली नाही. नंबर बरोबर असल्याचं मीच तर म्हटलं होतं. रोज एक-एक ओळ भरली जात होती आणि मी मांडीवर पेटी घेऊन बघत होते. एकदा पडवीतल्या उजेडात नेऊन बघ, असं तिला सांगावं, असं अनेकदा मनात आलं. काम पूर्ण झालं. मग तिनं ते हलक्या हातानं धुतलं, मी इस्त्री केली, रिक्षानं जाऊन फ्रेम करून आणली.

आणि एक करायचं राहिलं होतं, तेही केलं. फ्रेम व्हायला दिली त्याच दिवशी मी ते दोन दोरे पुन्हा आपापल्या पट्ट्यांवर गुंडाळले. पुरावा नको म्हणून? खरं सांगू का, तसं मला तेव्हा सुचलंही नव्हतं. पेटीत चूक राहिलेली मला बघवेना, म्हणून. गालावर राहिली तर चालली.

पौर्णिमेला गावी गेलो. विहाराला पूर्वेकडे मोठ्या खिडक्या ठेवल्यात. वंदना झाली, बायकांनी फ्रेमवरचं वस्त्र काढलं आणि सकाळचं ऊन सरळ त्या चेहऱ्यावर आलं. डावा गाल सोनेरी, शांत, जसा वहिनीच्या हाताला शोभावा तसा. उजवा गाल, कानापासून हनुवटीपर्यंत, माराचा वळ उतरताना कातडी दिसते ना, तसा. मग एक म्हातारी पुढं आली आणि मोठ्यानं म्हणाली,

“बाय गो, ह्यो गाल असा हिरवा का दिसताय?”

“गप गो आये,” तिची लेक म्हणाली. पण वहिनी उठली होती. फ्रेमच्या अगदी जवळ जाऊन, डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून तिनं पाहिलं. मग सगळ्यांकडे वळून हात जोडले. “डोळ्यांनी दगा दिला बायांनो. खाली काढा. भगवंताचं असं तोंड मी इथं ठेवणार नाही.” त्या नको नको म्हणत होत्या. तिनं ऐकलं नाही.

परतीच्या गाडीत ती फ्रेम तिनं जुन्या साडीत गुंडाळून मांडीवर धरली होती. घरी आल्यावर पातळसुद्धा न बदलता तिनं पेटी मागितली. ती पट्टी काढली, पडवीत उन्हात जाऊन बघितली. नंबर बरोबर, दोरा बरोबर. मऊ तपकिरी. शेजारचीही काढून बघितली. तीही बरोबर.

“म्हणजे मी वाचायचं एक आणि उचलायचं एक,” ती म्हणाली. “आणि मला वाटायचं, नंबर तरी वाचता येतो.”

मग तिनं माझा हात धरला. “सुजा, तुला दिसलं असणार गो. इस्त्री करताना तरी दिसलंच असणार. तू बोलली नाहीस. माझं मन राखलंस.”

मी मान हलवली. हो म्हणून.

मिलिंद त्याच आठवड्यात आला. विहाराचं काम असं संपलेलं, वहिनीनं थांबायचा शब्दही काढला नाही. पेटी, रिंगा, नमुन्यांची पुस्तकं, सगळं माझ्या स्वाधीन केलं. “तू व्यवस्थित ठेवशील,” म्हणाली. ठेवलंय मी. दर पावसाळ्यानंतर सगळ्या पट्ट्या पसरते, पुड्या बदलते, फिक्यापासून गडदापर्यंत पुन्हा लावते. त्यातला दोरा कुणी वापरत नाही. ती फ्रेम कपाटामागे आहे, त्याच साडीत.

ऑपरेशन उत्तम झालं. आता तिला चष्म्याशिवाय बसचा बोर्ड वाचता येतो, नातीच्या डोक्यातली ऊ दिसते. सुई मात्र तिनं हातात घेतली नाही. सूनबाई मला फोनवर सांगत होती, “आत्या, आईंना आता इतकं छान दिसतं, तरी दुकानात साडी घेताना मला विचारतात, हा निळाच ना गं? दर वेळी विचारतात.” माझ्याबद्दल वहिनी सगळ्यांना काय सांगते, तेही सूनबाईनंच सांगितलं — की माझी नणंद लाखात एक, माझं उघडं पडू नये म्हणून गप्प राहिली.

दर रविवारी आमचा फोन असतो. गेल्या खेपेला इकडचंतिकडचं झाल्यावर ती म्हणाली, “एक विचारू का गो सुजा? ते तोंड भरताना मी तुला म्हटलेलं काय, की हा दोरा हिरवट वाटतो म्हणून? मला हल्ली सारखं वाटतं, मी म्हटलेलं. मला तेव्हा दिसलेलं. का हे मी आपलं मागाहून मनानं जुळवलंय? तुला काय आठवतं?”

एवढंच हवं होतं तिला. कबुली नाही, माफीनामा नाही. तिला दिसलं होतं की नव्हतं, एवढंच. आणि हे सांगू शकणारी जगात मी एकटी.

मी म्हटलं, “छे गो. मला नाही असं काही आठवत.”

“हां,” ती म्हणाली. “मग माझंच.”

तिनं विचारलं होतं. तिला बरोबर दिसलं होतं. दोरा हिरवट होता, आणि तो त्या पट्टीवर मी गुंडाळला होता.